ताटावरचं मौन

निपाणीत मोटर भरून देणारे सात-आठ जण असतील, पण पार्श्वनाथ मगदूमनं भरलेली मोटर महिन्यात परत आली असं कुणी सांगितलं, तर लोक सांगणाऱ्याकडंच संशयानं बघतात. विहिरीवरची जळालेली मोटर शेतकरी त्याच्या दारात आणून टाकतो. पार्श्वनाथ आतली काळी पडलेली तार उपसतो, नवी तांब्याची तार भरतो, वार्निश पाजतो, वाळवतो आणि मग खऱ्या कामाला लागतो. ते काम म्हणजे काळजी. एकदा तपासलेली मोटर तो जेवून आल्यावर परत तपासतो. गिऱ्हाइकानं ती टेम्पोत चढवली तरी मागनं पळत जाऊन, "जरा थांबा वं, एक बारी बगू द्या," म्हणून मीटर लावतो. आता दुकान पोरगा वीरेंद्र बघतो, पण मीटर अजून म्हाताऱ्याच्याच खिशात असतो.

घरातही तीच तऱ्हा. निजायच्या आधी गॅसचं बटण तीनदा. बाहेरगावी जायचं तर गाडीच्या टायमाच्या आधी तासभर स्टँडवर. त्याची बायको त्रिशला शेजारणींना सांगते, "आमच्यात काळजीचं खातं ह्यांच्याकडं हाय. बाकीच्यास्नी सुट्टी."

अशा माणसाच्या हातात नोव्हेंबरच्या शेवटी शालूवहिनीनं आपला नवरा दिला.

तिचा नवरा मष्णू हा पार्श्वनाथचा जिवाभावाचा एकुलता एक दोस्त. मष्णू खानापूरकडच्या रानातल्या गावचा. चाळीस वर्षांमागं दोघं बेळगावात आयटीआयला एका बाकावर आले आणि शहापुरात एका खोलीत दोन वर्षं राहिले. त्या दोन वर्षांत मष्णूनं खोलीत अंडंसुद्धा आणलं नाही. मटण खायची लहर आली की तो वडगावात मामाकडं जायचा, आणि परत आला की आधी बाहेरच्या नळावर चूळ भरायचा, मग उंबरा ओलांडायचा. पार्श्वनाथनं त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं. पुढं मष्णू पिंपरीला एका कंपनीत फिटर म्हणून लागला, तिथंच घर झालं, तिथंच रिटायर झाला. वर्षाकाठी एक भेट आणि आठवड्याला एक फोन, एवढ्यावर दोस्ती टिकून होती.

शालूवहिनीचा फोन आला तेव्हा पार्श्वनाथ दुकानात होता.

"अण्णा, ह्यांच्या डोक्यात जरा गडबड झालीया," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणत्यात, विसरण्याचा आजार हाय, सुरुवात हाय. जुनं समदं याद हाय. पण सकाळचं सांजच्याला न्हाय. आणि रस्ता चुकत्यात. मागल्या महिन्यात दूध आणायला गेलते ते दोन तासांनी रिक्षावाल्यानं आणून सोडलं."

पार्श्वनाथ स्टुलावर बसला.

"आमच्या पोराला, सौरवला, पंधरा दिसांनी गोव्यात काम हाय. जाताना शुक्रवारी तुमच्यात सोडंल, सोमवारी येताना नेईल. ह्येंनी हट्टच धरलाय, पारिसबरोबर बेळगाव बगायचं, थंडीचं. म्या न्हाय म्हणाले न्हाय. पण अण्णा, एक मिनिट एकट्यास्नी सोडू नका. आणि दुसरं, तुमास्नी म्हाईत हाय हे त्यास्नी कळू देऊ नका. लई लागतंय त्यास्नी. कळलं तर तुमच्याकडं यायचं पण सोडतील."

पार्श्वनाथनं होकार दिला आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की एका हातानं दोन कामं अंगावर घेतली आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या आड येतात. राखणही करायची, आणि राखण करतोय हे दिसू द्यायचं नाही. मोटरीचं बरं असतं, तिला मीटर लावला तर राग येत नाही.

शनिवारी सकाळी दोघं निपाणीच्या स्टँडवरनं बेळगावच्या गाडीत बसले. डिसेंबरचा दुसरा आठवडा, रस्त्यावर धुकं. मष्णू खिडकीशी, अंगात चौकड्यांचा स्वेटर, डोक्याला तपकिरी कानटोपी. दिसायला धडधाकट. कंडक्टरशी अशी झकास कानडी बोलला की कंडक्टरनं विचारलं, अज्जा, हुबळीचे काय?

संकेश्वरच्या अलीकडं मष्णू म्हणाला, "वहिनी बरी हाय न्हवं रं?"

तासाभरापूर्वी त्रिशलानंच त्याला भाकरी वाढली होती. पार्श्वनाथ म्हणाला, "बरी हाय."

हत्तरगीपाशी मष्णूनं परत विचारलं, "त्रिशलावहिनी बरी हाय न्हवं?"

"गुडघं दुखत्यात जरा तिचं."

काकतीचा डोंगर दिसायला लागला तेव्हा तिसऱ्यांदा. पार्श्वनाथनं चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगितलं. दर वेळी नवं उत्तर दिलं म्हणजे प्रश्न जुना वाटणार नाही, असा त्याचा हिशेब होता. पण मनात तो घाबरून पुढची उत्तरं जुळवत होता. दोन दिवस काढायचे होते आणि त्रिशलाला दुखणी मोजकीच होती.

गाडी थांबली की मष्णू मुतारीकडं, की लगेच मागं पार्श्वनाथ. बेळगावच्या स्टँडवर उतरल्यावरही तेच.

"पारशा, कितीबारी लागतीया रं तुला?" मष्णू म्हणाला. "शुगर तपासून घे जा. का माझ्या मापावर नजर हाय?"

"थंडी हाय लेका."

"थंडी मला पण हाय. मी जातोय म्हणून तू येत न्हवतास कधी."

पार्श्वनाथ हसला.

बेळगावात कर्नाटक सरकारचं हिवाळी अधिवेशन चाललेलं. चौकाचौकांत पोलीस, कुठं रस्ता बंद, कुठं मोर्चा, सगळे लॉज भरलेले. हे पार्श्वनाथला आधीच ठाऊक असल्यामुळं त्यानं पंधरा दिवस आधी फोन करून खडेबाजाराच्या मागच्या अंगाला एका बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या धर्मशाळेत खोली सांगून ठेवली होती. तिथला मॅनेजर गोमटेश त्रिशलाच्या माहेरकडचा. त्यानं किल्ली देताना सांगितलं, "अण्णा, नियमाचं जेवण पावणेपाचला सुरू. सव्वापाचनंतर ताट मिळत न्हाय. दिवस लौकर मावळतोय आता."

दुपारभर दोघं हिंडले. शहापुरात गेले. जिथं त्यांची खोली होती तिथं आता तीन मजली इमारत उभी होती, खाली मोबाईलचं दुकान. मष्णू त्या दुकानासमोर उभा राहून बोटं करकरून सांगायला लागला. हिथं नळ, हिथं मालकीणबाईची तुळस, हिथं तू सायकल लावायचास आणि ती रोज पाडायची. मालकिणीच्या पाची पोरींची नावं त्यानं वयाप्रमाणं म्हणून दाखवली. पार्श्वनाथला त्यातलं एकही आठवत नव्हतं. त्याला वाटलं, शालूवहिनी उगाच भ्याली. विसरायला झालंय ते मलाच.

मग खडेबाजारात एका दुकानात मफलर घ्यायला म्हणून मष्णू पुढं गेला. दुकानदारानं विचारलं, काय दाखवू. मष्णू उभाच राहिला. त्याची नजर रचलेल्या ब्लँकेटांवरनं, शालींवरनं फिरली आणि परत आली. तो मान वळवून हळू आवाजात म्हणाला, "आपण कशाला आलोय रं?"

त्याच्या तोंडावर जे दिसलं ते पार्श्वनाथनं साठ वर्षांत कुणाच्या तोंडावर बघितलं नव्हतं. रडणं नव्हे, भीतीही पुरती नव्हे. माणूस अंधारात पायरी शोधतो तसं काहीतरी.

"मफलर," पार्श्वनाथ म्हणाला. "मला पाहिजे मफलर. तुला पसंत करायला आणलंय."

मष्णूनं मफलर पसंत केला. दोघं दुकानातनं बाहेर पडले. पार्श्वनाथनं चालता चालता हळूच त्याच्या स्वेटरच्या खिशाला हात लावून बघितला. शालूवहिनीनं नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी तिथं ठेवली होती. होती जागेवर. सकाळपासनं ती त्यानं पाचव्यांदा तपासली होती.

पावणेपाच झाले. पार्श्वनाथचा नियम आठ वर्षांचा. एका चातुर्मासात महाराजांसमोर हात जोडून घेतलेला. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. आणि जेवताना मौन. पहिला घास तोंडात गेला की ताट धुऊन ते पाणी पिईपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा नाही, आणि ताट टाकून उठायचं नाही. एकदा घरात जेवताना न्हाणीतनं साप निघाला. तेव्हाही त्यानं वाटी ताटावर बडवून सगळ्यांना बोटानं साप दाखवला, पण बोलला नाही. ही गोष्ट मष्णूनं आत्तापर्यंत पन्नास जणांना सांगितली असेल.

"चल जेवायला," पार्श्वनाथ म्हणाला.

"ह्या टायमाला? दुपारची भजी अजून हिथं हायत," मष्णूनं छातीवर हात ठेवला. "तू जेव. मी हिथं बाकड्यावर बसतोय. खोलीत जाऊन फोन तेवढा चार्जिंगला लावून येतो."

"मी येतो संगं."

"जिना चढायला?" मष्णूनं त्याच्याकडं नीट बघितलं. "पारशा, मला काय पाय न्हाईत व्हय?"

पार्श्वनाथ जिन्याच्या पायथ्याशी चपलेचा पट्टा नीट करत बसला. मष्णू वर गेला, खाली आला, येऊन बाकड्यावर बसला. ते बाकडं भोजनशाळेच्या खिडकीसमोरच होतं. पार्श्वनाथनं आत जाऊन खिडकीकडं तोंड येईल अशी जागा धरली. दुसरा एकजण तिथं बसला होता, त्याला हात जोडून उठवलं. सगळी तजवीज झाली असं वाटून त्यानं पहिला घास घेतला.

घेवड्याची भाजी, मुगाची आमटी, भाकरी, मागनं भात. खिडकीतनं मष्णूची कानटोपी दिसत होती. पार्श्वनाथ एक घास खायचा आणि एकदा बघायचा. अर्धी भाकरी झाली. वाढप्यानं भात टाकला.

मष्णू उठला.

त्यानं कानटोपी खाली ओढली, वळून खिडकीतनं आत बघितलं. दोघांची नजर मिळाली. अगदी सरळ. मग तो डावीकडं चालायला लागला. मुतारी उजवीकडं होती.

पार्श्वनाथच्या तोंडात घास होता. मष्ण्या, एवढाच शब्द. दहा हातांवर तो होता आणि खिडकी उघडी होती. पार्श्वनाथनं वाटी उचलून ताटावर बडवली, दोनदा, तीनदा. वाढपी धावत आला आणि त्यानं वाटीत आमटी ओतली. पार्श्वनाथनं खिडकीकडं बोट केलं. वाढप्यानं खिडकी लावून घेतली. थंडी वाजत असेल म्हणाला.

आता समोर ताटभर भात आणि काठोकाठ आमटी. बस्तीच्या जेवणात ताटात उष्टं टाकणं नाही. पार्श्वनाथनं तो भात चावला नाही, कोंबला. ताटात पाणी घेतलं, बोटानं फिरवलं, पिऊन टाकलं, हात तसाच धोतराला पुसत बाहेर पळाला. तीन मिनिटं गेली असतील. फार तर चार.

बाकडं मोकळं. गल्ली मोकळी. तो डावीकडच्या कोपऱ्यापर्यंत पळाला. तिथनं पुढं दोन फाटे. त्यानं हाका मारल्या. आता तोंड मोकळं होतं, पण काय उपयोग. एका फाट्याच्या टोकाला जाऊन परत आला, दुसऱ्यात शिरला, मग सुचलं, फोन. लावला. वाजला, कुणी उचलला नाही. परत लावला आणि धर्मशाळेच्या जिन्यात पोचल्यावर फोनचा आवाज वरनंच आला.

खोलीत चार्जिंगला लावलेला फोन उशीवर वाजत होता. त्याच्या शेजारी घडी केलेली चिठ्ठी. शालूवहिनीचं अक्षर, दोन नंबर. पार्श्वनाथ तिच्याकडं बघत राहिला. फोन विसरतो माणूस. चिठ्ठी स्वतःहून खिशातनं निघून उशीवर बसत नाही.

गोमटेश म्हणाला, "अण्णा, बसा जरा, पाणी..." आणि थांबला. पाण्याचा टाईम संपला होता.

अंधार पडला आणि बाजाराला ऊत आला. सगळे दिवे एकदम लागले. शनिवारची गर्दी, त्यात अधिवेशनाला आलेली माणसं. पार्श्वनाथ खडेबाजारात शिरला आणि प्रत्येक तपकिरी कानटोपीच्या मागं धावला. बेळगावात डिसेंबरात तपकिरी कानटोपी घालणारी माणसं किती असतात हे त्याला त्या दिवशी कळलं. मफलरवाल्याला विचारलं. उसाच्या रसवाल्याला विचारलं. बंदोबस्तातल्या एका पोलिसाला कानडीत विचारलं, तर त्यानं उलट विचारलं, हरवलेल्या माणसाचं वय काय? साठ, म्हटल्यावर तो म्हणाला, साठ वर्षांचा माणूस हरवतो होय? येईल की घरी. पार्श्वनाथला त्याला सगळं सांगायचं होतं, पण तोंड उघडल्यावर शालूवहिनीचा आवाज ऐकू आला, त्यास्नी कळू देऊ नका, आणि तो नुसता उभा राहिला. पोलिसाची गाडी आली, पोलीस गेला.

चालता चालता त्याचं डोकं मोटरीसारखं तापत गेलं. रेल्वेचं गेट लांब नाही. ट्रकांचा रस्ता आहे. खानापूरच्या गाडीत बसला तर? गावात त्याचं आता कुणी राहत नाही, रानात उतरेल, ह्या थंडीत. आणि ह्या सगळ्याच्या खाली एकच गोष्ट परत परत. दहा हातांवर होता. खिडकी उघडी होती.

साडेसहाला फोन वाजला. शालूवहिनी.

"जेवला का अण्णा? हे काय करालेत?"

"हाय हाय," पार्श्वनाथ म्हणाला. "न्हाणीत गेलाय. मागनं लावतो."

जन्मात त्यानं एवढं सोपं खोटं सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तो एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला. जेवणातला एक शब्द वाचवला आणि बाहेर येऊन हे बोललो. त्या विचारानं तो उठलाच.

सात वाजून गेल्यावर गणपत गल्लीच्या तोंडाशी त्यानं एका भाजीवालीला विचारलं, तिनं दुसरीकडं बोट केलं. "नागूबाईकडं बगा. येळ्ळूरची. तिच्याजवळ एक म्हातारा बसलाय मगाधरनं, शेंगा सोलत."

नागूबाईच्या पाटीशेजारी, उलट्या घातलेल्या बुट्टीवर मष्णू बसला होता. मांडीवर पेपर, पेपरवर वाटाण्याचे दाणे. बोटं शांतपणे चालली होती. पार्श्वनाथ समोर जाऊन उभा राहिला.

मष्णूनं वर बघितलं. "आलास व्हय," तो म्हणाला आणि पुढची शेंग घेतली.

नागूबाईनं पार्श्वनाथला पायापासनं डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ह्यो तुमचा माणूस?"

"व्हय."

"चारबारी माझ्या म्होरनं गेला आणि चारबारी आला. पाचव्या बारीला म्या हात धरून बसीवलं. म्हटलं, बाबा, पाय दुखतील, शेंगा सोल. असल्या माणसाला सोडून कुठं गेलता ओ तुमी?"

"जेवालतो."

"जेवालता!" नागूबाईनं शेजारणीकडं बघितलं. "ऐकलीस काय गं? ह्ये जेवालते."

"बाई, लई उपकार झाले," पार्श्वनाथ म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"घसा बगा कसा झालाय. घ्या, पाणी प्या."

त्यानं मान हलवली. "दिवस मावळल्यावर चालत न्हाय."

"पाणी पण न्हाय?" ती म्हणाली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तांब्या खाली ठेवून तिनं सोललेले दाणे कागदात बांधले आणि मष्णूच्या हातात दिले. "घ्या आण्णा. कष्टाचं हायत तुमच्या."

दोघं गर्दीतनं बाहेर आले. पार्श्वनाथनं मष्णूचा दंड धरला होता, मष्णूनं तो सोडवून घेतला नाही. रामदेव गल्लीच्या कडेला एका बंद शटरपाशी पार्श्वनाथ थांबला.

"मुद्दाम गेलास तू."

"व्हय."

"चिठ्ठी काढून ठेवलास."

"मला म्हाईत हाय की ती कवाधरनं. शालूला वाटतंय मला ठाव न्हाय. तुला वाटतंय मला ठाव न्हाय. सकाळधरनं माझा खिसा चाचपालास." मष्णूनं कागदाची पुडी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली. "पिंपरीत दाराला आतनं वरची कडी बसीवलीया सौरवनं. मी खुर्चीवर चढल्याबिगार निघत न्हाय. पारशा, मला एकदा बगायचं हुतं. एक कोपरा जायाचं, एक कोपरा यायाचं. हिथलं मला याद हाय, जुनं हाय न्हवं. म्हटलं, बेळगावात जमलं तर जमलं."

"मग?"

"गेलो बराबर. येताना रस्ता पोलिसांनी बंद केल्यालं. दांडकं घालून. म्हणालं, तिकडनं जा. तिकडनं गेलो आणि..." त्यानं हात हवेत हलवला. "तिकडनं सगळं सारखंच दिसाय लागलं."

"मला सांगून गेला असतास तर?"

"सोडला असतास?"

पार्श्वनाथनं नाही म्हणून मान हलवली.

"म्हणून तर तो टाईम धरलो. तू जेवताना बोलणार न्हाईस, ताट सोडून उठणार न्हाईस. साप निघाला तवा पण बोलला न्हाईस तू." मष्णू जरा हसल्यासारखा झाला, मग ते हसू गेलं. "पण खिडकीत बगितलास न्हवं का, तवा मला वाटलं, आता वरडतोय. वरडला असतास तर फिरलो असतो लेका. दोन पावलं थांबलो पण हुतो."

 महाराजांनी नियम दिला तेव्हा एवढं सगळं विचारून घ्यायला पाहिजे होतं, असं काहीतरी वेडंवाकडं त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, "चुकलं माझं."

"माझं पण."

पार्श्वनाथच्या खिशातला फोन वाजला, त्यानं तो बाहेर काढला. मष्णूनं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं पार्श्वनाथचं मनगट धरलं. "तिला सांगू नको. सांगितलास की झालं. परत बाहेर काढणार न्हाईत मला. पारिस, एवढं ऐक माझं."

फोन वाजत राहिला. भरलेल्या मोटरीत एक वेढा कच्चा राहिलाय हे ठाऊक असताना ती गिऱ्हाइकाच्या टेम्पोत चढवणं पार्श्वनाथला कधी जमलं नव्हतं. आणि मष्णूनं मनगट सोडलं नव्हतं, तेही त्याला सोसत नव्हतं.

त्यानं फोन उचलला. "वहिनी, मगाशी मी खोटं बोललो. मष्णू न्हाणीत न्हवता. दोन तास सापडत न्हवता. आता माझ्याजवळ हाय, बरा हाय. चूक माझी हाय, मी जेवत बसलो."

मष्णूनं त्याचं मनगट सोडलं आणि तोंड शटरकडं फिरवलं.

  मग शालूवहिनी म्हणाली, "अण्णा, ह्या महिन्यात तीनबारी झालंय. कडीला खुर्ची लावून निघत्यात. म्या सौरवला एकदाच सांगितलंय. बाकी दोन न्हाय सांगितलं."

"का वो?"

"त्यो म्हणतोय, बाहेरनं कुलूप घालू." तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. "कुलूप घातलं तर ह्ये मरतील अण्णा. आणि न्हाय घातलं तर म्या मरीन, काळजीनं. कुणास्नी सांगू मी?"

पार्श्वनाथला काळजी हे आपल्या एकट्याचं खातं आहे असं जन्मभर वाटत आलं होतं. तो म्हणाला, "आता मला सांगा."

"उद्याच घेऊन जाऊ नका त्यास्नी निपाणीला," ती म्हणाली. "ऐतवार हाय न्हवं अजून. हिंडू द्या. तुमास्नी झेपंल तेवढं."

मष्णूला सगळं ऐकू जात होतं. त्यानं फोन मागून घेतला, कानाला लावला, आणि फक्त "शालू" म्हणाला. पुढं बराच वेळ नुसतं हूं हूं करत राहिला.

रविवारी सकाळी थंडी कडाक्याची होती. पार्श्वनाथला रात्रभर झोप नव्हती. खोलीची कडी त्यानं आतनं घातली, मग उठून काढली, मग खाट दाराला आडवी लावली, मग मष्णू म्हणाला, "पारशा, मी पण जागाच हाय," तेव्हा खाट परत जागेवर नेली.

उजाडल्यावर दोघं बाहेर पडले. कोपऱ्यावर मष्णू थांबला.

"पुढनं मी. तू मागनं. किती लांब?"

"पाच पावलं."

"पाच पावलं म्हंजे कुत्रं मागं लागल्यागत. पंचवीस."

"दहा."

"वीस. आणि मी वळलो तर पळायचं न्हाय. चालत यायचं."

"आणि तू चुकलास तर?"

"तर वरडायचं," मष्णू म्हणाला. "आत्ता काय तोंडात घास न्हाय तुझ्या."

तो निघाला. डोक्यावर कानटोपी, हात पाठीमागं बांधलेले. पार्श्वनाथ वीस पावलं सोडून मागं. पहिल्या फाट्याशी मष्णू थांबला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. दुकानाच्या पाट्या वाचल्या. हाक मारायला पार्श्वनाथची जीभ वळली, पण अजून मष्णू चुकला नव्हता. नुसता थांबला होता. एक दूधवाला सायकलवरनं चालला होता, मष्णूनं त्याला हात करून थांबवलं आणि कानडीत काहीतरी विचारलं. दूधवाल्यानं बोट केलं. मष्णू तिकडं वळला आणि भिंतीआड दिसेनासा झाला.

पार्श्वनाथ चालत राहिला. पळायचं नाही असं ठरलं होतं. कोपरा अजून बारा-तेरा पावलं होता, आणि त्यानं एवढी लांबलचक बारा पावलं आयुष्यात कधी टाकली नव्हती.